सोलापूरच्या हवेत क्रोसाँ : लोण्याचे पदर आणि तापमानाचे गणित

यीस्टने फुगणाऱ्या मैद्याच्या पिठात लोण्याची सलग चादर गुंडाळून, ते पीठ वारंवार लाटून व घड्या घालून त्यात एकाआड एक पिठाचे आणि लोण्याचे पदर निर्माण करायचे आणि मग त्या पिठाचे त्रिकोण कापून, गुंडाळून, फुगवून भट्टीत भाजायचे, अशा रीतीने तयार होणारा पदार्थ म्हणजे क्रोसाँ होय. भट्टीच्या उष्णतेने लोण्यातील आणि पिठातील पाण्याची वाफ होते, वितळलेली स्निग्धता दोन पदरांना परस्परांना चिकटू देत नाही आणि त्यामुळे वाफेच्या दाबाने प्रत्येक पदर स्वतंत्रपणे उचलला जातो. बाहेरचा कुरकुरीत पापुद्रा आणि आतील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी या दोन्ही गोष्टी याच क्रियेतून येतात. या पदार्थाचा पूर्वज व्हिएन्नातील किप्फर्ल नावाचा चंद्रकोरीच्या आकाराचा पाव असून, १८३०च्या दशकाच्या अखेरीस ऑगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन उद्योजकाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडल्यावर त्याचा फ्रान्समध्ये प्रसार झाला आणि पदरांचा आजचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाला. १६८३च्या व्हिएन्नाच्या वेढ्याशी त्याची उत्पत्ती जोडणारी कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की व्हिएन्ना आणि पॅरिस ही दोन्ही थंड हवेची शहरे आहेत, आणि तेथे ज्या गोष्टीचा वेगळा विचार करण्याची गरज फारशी भासत नाही ती, म्हणजे लोण्याचे तापमान, सोलापुरात या पदार्थाचे यशापयश ठरवते.

पदर सुटण्याची कल्पना मराठी स्वयंपाकघराला मुळीच नवी नाही. दिवाळीतील चिरोटे हे पदरांच्या पिठाचेच उदाहरण असून, त्यात तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लॉवर परातीत तळहाताने फेसून केलेला साटा तीन पोळ्यांमध्ये लावला जातो, त्या पोळ्यांची वळकटी करून तुकडे कापले जातात आणि ते पुन्हा अलगद लाटून तळले जातात. बेकरीतील खारी हाही याच घराण्यातील पदार्थ आहे. तिच्यात यीस्ट नसते, ती केवळ वाफेने फुलते. क्रोसाँमध्ये वाफ आणि यीस्ट अशा दोन शक्ती एकाच वेळी काम करतात, म्हणून तो खारीपेक्षा मऊ आणि करावयास अधिक अवघड असतो. चिरोटे करणाऱ्या हाताला समान जाडीचे लाटणे, कडा सरळ राखणे आणि पदर दाबू न देता धारदार सुरीने कापणे ही कौशल्ये आधीच अवगत असतात व ती सर्व येथे उपयोगी पडतात. मात्र त्याच हाताची एक सवय येथे कटाक्षाने सोडावी लागते, ती म्हणजे स्निग्ध पदार्थ मऊ करून पसरण्याची. साट्यातील पिठी तुपाला धरून ठेवते आणि चिरोटा आकाराने लहान असल्यामुळे त्याला पुढे फारसे लाटावे लागत नाही, म्हणून तेथे मऊ साटा चालतो. क्रोसाँच्या पिठावर मऊ लोणी फासले तर पुढच्या दोन-तीन लाटण्यांत ते पिठात जिरून जाते आणि हाती लागतो तो लोण्याच्या चवीचा, परंतु पदर नसलेला पाव. घरगुती क्रोसाँ बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

लोणी हे तापमानागणिक वेगळे वागते, आणि हे वागणे समजून घेतल्यावाचून कृतीचा कोणताही भाग नीट साधत नाही. फ्रीजमधील सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाला ते कडक व ठिसूळ असते, लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि पिठाच्या आत लोण्याची सलग चादर न राहता ठिपके उरतात. साधारण १३ ते १७ अंशांच्या टापूत ते लवचीक होते, म्हणजे वाकवले तर मोडत नाही आणि दाबले तर लगेच चिकटत नाही. लाटण्याचे सर्व काम याच टापूत पार पडले पाहिजे. वीस अंशांच्या पुढे ते झपाट्याने मऊ पडते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्णपणे वितळते. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. वितळलेले लोणी फ्रीजमध्ये ठेवल्यावर पुन्हा घट्ट होते खरे, परंतु ते पूर्वीचे लोणी राहत नाही, कारण त्यातील स्निग्धतेच्या स्फटिकांची सूक्ष्म रचना मोडलेली असते आणि पाणी वेगळे झालेले असते. त्यामुळे त्याची लवचीकता परत येत नाही. म्हणूनच पीठ गरम झाल्यावर थंड करण्यापेक्षा ते गरम होऊच न देणे, हे धोरण ठेवावे लागते.

सोलापुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि स्लॅबच्या घरातील स्वयंपाकघर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. अशा काळात वातानुकूलित खोलीवाचून क्रोसाँचा घाट घालू नये, असेच स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंतचा काळ या कामासाठी वर्ज्य समजावा. कूलरने हवा काही अंशांनी उतरते, पण लोण्याला हवी तेवढी नाही. याउलट डिसेंबर आणि जानेवारीत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आगेमागे, पहाटेचे तापमान १५-१६ अंशांच्या आसपास उतरते, आणि हा टापू लोण्याच्या लवचीकतेच्या टापूशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. थंडीतील पहाट ही सोलापूरकरांना निसर्गाने फुकट दिलेली शीतखोली आहे आणि तिचा उपयोग करून घेणे हेच शहाणपणाचे. माळवदाच्या जुन्या घरात जाड भिंतींमुळे हा अवधी आणखी थोडा लांबतो.

आता साहित्याचा विचार करावा. दहा मध्यम क्रोसाँसाठी ३०० ग्रॅम मैदा, ८५ ग्रॅम थंड दूध, ८० ग्रॅम थंड पाणी, ३५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि पिठात मळण्यासाठी २० ग्रॅम मऊ लोणी एवढे लागते. पदरांसाठी १५० ग्रॅम लोणी वेगळे ठेवावे. वाटी-चमच्याचे माप येथे उपयोगाचे नाही, कारण एका वाटीत मावणारा मैदा तो कसा भरला त्यावर बराच कमीजास्त होतो, वजनकाटा घ्यावाच. मैद्याची निवड करताना वेष्टनावरील प्रथिनांचे प्रमाण पाहावे आणि १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम प्रथिने असलेला मैदा पसंत करावा. गव्हातील ग्लायडिन व ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाण्याशी संयोग पावून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार करतात, आणि पदर न फाटता पातळ ताणले जातात ते या जाळ्यामुळे. मंगळवेढ्याच्या ज्वारीत हे जाळे तयारच होत नाही, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते. जन्मभर भाकरी थापलेल्या हाताला मैद्याची ही ओढ प्रथम परकी वाटते, आणि ती जोर लावून मोडण्याचा मोह होतो. ती मोडू नये. पीठ आखडू लागले की झाकून फ्रीजमध्ये २० मिनिटे ठेवावे, ते आपोआप सैलावते.

लोण्याच्या बाबतीत दोन पर्याय संभवतात. बाजारातील वेष्टनबंद लोण्यात, ज्याला यापुढे बटर म्हटले आहे, नियमानुसार किमान ८० टक्के दुग्धस्निग्धता असते व पाणी १६ टक्क्यांपेक्षा अधिक नसते. हे प्रमाण स्थिर असल्यामुळे प्रथम प्रयत्न करणाऱ्याने बटरच वापरावे. बिनमिठाचे मिळाले तर उत्तम; मिठाचे वापरल्यास त्यात १०० ग्रॅममागे साधारण २ ग्रॅम मीठ असते हे लक्षात घेऊन पिठातील मीठ निम्मे करावे. दुसरा पर्याय घरच्या लोण्याचा. सोलापूर जिल्हा हा पंढरपुरी म्हशींचा मुलूख आहे, आणि म्हशीच्या दुधातील स्निग्धतेत उशिरा वितळणाऱ्या घटकांचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा अधिक असल्यामुळे तिचे लोणी अधिक घट्ट असते, जो गुण या उष्ण प्रदेशात निश्चितच उपकारक आहे. परंतु ताक घुसळून काढलेल्या लोण्यात ताकाचे थेंब अडकलेले असतात आणि लाटताना ते फुटून पिठाचा पदर चिकट करतात. म्हणून असे लोणी बर्फाच्या पाण्यात तीन-चार वेळा, पाणी निवळ दिसेपर्यंत धुवावे, नंतर थंड परातीत लाकडी चमच्याने दाबत राहावे. प्रत्येक दाबासरशी कडेला पाण्याचे मोत्याएवढे थेंब येतात, ते स्वच्छ सुती कापडाने टिपावेत आणि थेंब येणे थांबल्यावरच लोणी वापरास घ्यावे. म्हशीचे लोणी पांढरेशुभ्र असते, कारण म्हैस चाऱ्यातील पिवळ्या कॅरोटिनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते. त्यामुळे पांढऱ्या पिठात ते कोठे आहे हे दिसत नाही, ही एक व्यावहारिक अडचण राहतेच. पिवळसर बटरची रेघ नवशिक्याच्या डोळ्यांना चटकन दिसते.

वनस्पती तूप किंवा बेकरीतील मार्गरिन वापरून हा सगळा खटाटोप टाळता येतो आणि अनेक ठिकाणी तो तसा टाळलाही जातो, कारण या चरब्या उकाड्यातही घट्ट राहतात. मात्र जी चरबी शरीराच्या ३७ अंश तापमानालाही पुरती वितळत नाही तिचा थर टाळूला चिकटून राहतो, आणि लोण्याचा सुगंध तर तिच्यात नसतोच. भारतात १ जानेवारी २०२२पासून खाद्यतेले व चरब्यांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे, त्यामुळे आरोग्याचा आक्षेप काहीसा सौम्य झाला असला तरी चवीचा आक्षेप कायम आहे. घरी एवढे कष्ट घ्यायचे ते लोण्यासाठीच.

कामाचा आरंभ आदल्या संध्याकाळी करावा. सर्व साहित्य एकत्र करून पीठ फक्त चार-पाच मिनिटे मळावे. पुढील लाटण्यातही ग्लुटेन वाढत जाते, म्हणून पुरणपोळीच्या कणकेसारखे तिंबून तिंबून मऊ करण्याची येथे गरज नाही. मळण्याचे पाणी टाकीच्या नळाचे न घेता फ्रीजमधील किंवा निदान माठातील घ्यावे, कारण गच्चीवरच्या टाकीतील पाणी थंडीतही दुपारनंतर कोमट असते आणि यीस्टला अकाली चेतवते. मळलेले पीठ चपटे करून, कोरडी हवा लागून त्यावर साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. त्याच वेळी पदरांचे लोणी दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून लाटण्याने ठोकून १५ सेंटीमीटर बाजूचा आणि सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा चौरस करावा व तोही फ्रीजमध्ये ठेवावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास ओटा तयार करावा. पोळपाट या कामास अपुरा आणि गोल असल्यामुळे निरुपयोगी आहे. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा सर्वांत योग्य, आणि तो थंड नसल्यास त्यावर बर्फ भरलेले स्टीलचे ताट वीस मिनिटे फिरवून ठेवून नंतर ओटा कोरडा पुसून घ्यावा. लोण्याचा चौरस बाहेर काढून कागदासकट ओट्याच्या कडेवर वाकवून पाहावा. तो तडकला तर अजून थंड आहे, दोन-तीन मिनिटे थांबावे. कागदाला चिकटून बोटाचा ठसा खोल उमटू लागला तर परत आत ठेवावा. न तडकता चामड्यासारखा वाकला की वेळ आली असे समजावे. पीठ १६ बाय ३१ सेंटीमीटर लाटून लोणी मधोमध ठेवावे आणि दोन्ही बाजूंची पाती मध्यावर आणून सांधा चिमटीने बंद करावा. यापुढे तळहाताचा स्पर्श शक्य तितका टाळावा, कारण तळहात लोण्याच्या वितळणबिंदूइतकाच उष्ण असतो.

लाटण्याने प्रथम ठिकठिकाणी हलकेच दाबून मग एकाच दिशेने सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीपर्यंत लाटावे, जादा पिठी कुंच्याने झटकावी, दोन्ही टोके मध्याकडे आणून पुस्तक मिटावे तशी पुन्हा दुमड द्यावी. याने लोण्याचे चार पदर होतात. फ्रीजमध्ये ४५ मिनिटे विसावा दिल्यावर पीठ काटकोनात फिरवून पुन्हा तितकेच लाटावे आणि तिहेरी घडी घालावी, म्हणजे एकूण बारा पदर होतात. फ्रेंच पद्धतीत तीन तिहेरी घड्या घालून सत्तावीस पदर करण्याची प्रथा आहे. परंतु सोलापूरच्या हवेत तिसऱ्या घडीसाठी पीठ बाहेर काढणे म्हणजे लोणी आणखी एकदा धोक्यात घालणे, आणि फाटलेल्या सत्तावीस पदरांपेक्षा अखंड बारा पदर केव्हाही श्रेष्ठ. दुसऱ्या घडीनंतर एका कडेची बारीक पट्टी कापून तिच्याकडे उजेडात पाहावे. पिठाच्या दोन रेघांमध्ये लोण्याची सलग, समान जाडीची रेघ दिसली तर काम बिनचूक झाले; रेघ मध्येच तुटून पिवळे खडे दिसले तर लोणी अति थंड होते; आणि रेघच नाहीशी होऊन सगळे पीठ एकसारखे पिवळट व तेलकट झाले असेल तर लोणी जिरले असे जाणून त्या पिठाचे गोड बन करून टाकावेत, क्रोसाँचा आग्रह धरू नये.

तासाभराच्या विसाव्यानंतर पिठाचे दोन भाग करून एक भाग फ्रीजमध्येच ठेवावा आणि दुसरा २४ बाय २७ सेंटीमीटर, साडेचार ते पाच मिलिमीटर जाडीचा लाटावा. त्यातून ९ सेंटीमीटर पायाचे, एक सुलटा एक उलटा असे त्रिकोण धारदार सुरीने, सुरी न ओढता वरून दाबून कापावेत. उलटसुलट मांडणीत दोन टोकांना राहणारे अर्धे तुकडे वगळता प्रत्येक भागातून पाच पूर्ण नग मिळतात. पायाकडून टोकाकडे, न आवळता गुंडाळावे आणि टोक खाली दबेल असे ओव्हनच्या तव्यात मांडावे. येथवरचे काम नऊच्या आत आटोपले पाहिजे.

यानंतरचे फुगवणे हा धीराचा भाग आहे. यीस्टला ऊब हवी आणि लोण्याला गारवा हवा, या परस्परविरोधी मागण्यांमधील तडजोड २४ ते २६ अंशांवर होते. थंडीत घराच्या आतील तापमान सकाळी दहा वाजल्यानंतर सहज एवढे होते. झाकून ठेवल्यास अडीच ते तीन तास पुरतात. उन्हात, गॅसजवळ किंवा तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवून हा वेळ कमी करण्याचा प्रयत्न केल्यास तव्यात तुपाचे थारोळे दिसू लागते आणि तोवर झालेले सर्व श्रम वाया जातात. नग जवळपास दुप्पट झाले, कडेने पदर एकमेकांपासून वेगळे दिसू लागले आणि तवा हलवल्यावर ते थरथरले, म्हणजे फुगणे पूर्ण झाले. अपुरे फुगलेले क्रोसाँ भाजताना लोणी बाहेर सोडतात आणि त्याच लोण्यात तळल्यासारखे होतात. पुष्कळ लोक याचा दोष ओव्हनला देतात, पण दोष घाईचा असतो.

वरून लावण्यासाठी फेटलेले अंडे वापरण्याची पद्धत आहे. अंडे वर्ज्य असलेल्या घरांत दोन चमचे दूध, एक चमचा साय आणि चिमूटभर साखर एकत्र करून कुंच्याने लावल्यास रंग चांगला येतो, चकाकी थोडी कमी राहते. कापलेल्या कडांवर हे मिश्रण ओघळू देऊ नये, अन्यथा पदर तेथे चिकटतात. घरगुती ओटीजी ओव्हन २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे आधी तापवावा आणि आतील प्रत्यक्ष तापमान स्वतंत्र तापमापकाने पडताळावे, कारण लहान ओव्हनच्या बटणावरील आकडा बहुधा विश्वासार्ह नसतो. पहिली दहा मिनिटे २०० अंशांवर आणि पुढील आठ ते बारा मिनिटे १८० अंशांवर भाजावे. वरची सळई जवळ असल्यास तवा सर्वांत खालच्या घरात ठेवावा व रंग लवकर चढू लागल्यास वर फॉइल ठेवावा. सोनेरी रंगावर न थांबता गडद बदामी रंग येऊ द्यावा. फिकट क्रोसाँची जाळी आतून ओलसर राहते आणि तो बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत बसतो. जाळीच्या स्टँडवर अर्धा तास निवल्यावरच तो कापावा, कारण तोपर्यंत आतली वाफ निघून जाऊन जाळी स्थिर होत असते.

सर्व नग एकाच दिवशी भाजण्याची सक्ती नाही. गुंडाळलेले, परंतु न फुगवलेले क्रोसाँ ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये कडक करावेत आणि नंतर हवाबंद पिशवीत भरून ठेवावेत. ते दोन-तीन आठवडे चांगले टिकतात. भाजण्याच्या आदल्या रात्री ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून सकाळी नेहमीप्रमाणे फुगवावेत, फक्त तासभर अधिक वेळ धरावा. वीज दीर्घकाळ गेल्यामुळे ते एकदा पूर्ण सुटले असतील तर पुन्हा न गोठवता त्याच दिवशी भाजून टाकावेत. भाजलेले शिळे क्रोसाँ मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास चामट होतात. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवल्यास पापुद्रा पुन्हा कुरकुरीत होतो. कडेच्या कापलेल्या पट्ट्या आणि टोकांचे अर्धे तुकडे मळून एकत्र करू नयेत, कारण मळल्याने पदर नष्ट होतात. त्या एकावर एक रचून, साखर किंवा जिरे भुरभुरून, त्याच ओव्हनमध्ये खारीप्रमाणे भाजाव्यात.